सोमवारचा गठ्ठा

३ मार्च, सोमवार

निवृत्त माणसाला कुणी "वेळ आहे का" विचारलं की नाही म्हणायची सोयच नसते. खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आज जिन्यात आडवी आली. "काकू, तुम्हाला टायपिंग येतं ना?"

येतं ना! एकतीस वर्षं इथल्याच पोलीस ठाण्याच्या कचेरीत टायपिस्ट होते. तिला ते माहीत होतं, म्हणूनच विचारलं. वस्तीतल्या लोकांनी समिती काढली आहे. मागणी एकच – पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासायची नाही. साध्या नागरिकांचं स्वतंत्र मंडळ नेमायचं आणि त्याला कागद मागवायचा हक्क द्यायचा. निवेदन लिहून तयार आहे, पण डॉक्टरच्या अक्षरात. समितीतल्या कुणालाच वाचता येत नाही. खुद्द तिलाही दुसऱ्या पानावर अडखळायला झालं.

हो म्हणून आले. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "एकतीस वर्षं त्यांचं टाईप केलंस, आता त्यांच्याविरुद्ध करणार. बोटांना तरी आधी कळव."

५ मार्च, बुधवार

बैठक दवाखान्यातच, पेशंटच्या बाकांवर. भिंतीवर किडलेल्या दाढेचं हे एवढं चित्र. त्याच्यासमोर बसून सगळे आपसूक तोंड कमी उघडतात. बैठक लवकर संपण्याचं तेच कारण असावं.

मोकळेपणाने बोलला तो घड्याळवाला. कोपऱ्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. एका पोलीस शिपायाने त्याच्याकडे घड्याळ टाकलं होतं, ते वेळेवर झालं नाही. "घड्याळवाल्यालाच वेळ पाळता येत नाही, हे खरंय," असं तो स्वतःच म्हणतो. शब्दाने शब्द वाढला. अकरा फेब्रुवारीला संध्याकाळी त्याला ठाण्यात नेलं. हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. उजव्या हाताची दोन बोटं. आता चिमटा धरता येत नाही.

"ठाण्याचं म्हणणं, माझ्याच दुकानाचं शटर हातावर पडलं," तो म्हणाला. "माझ्या दुकानाला शटर नाही. फळ्या आहेत."

सगळे हसले. मग त्याच्या बोटांकडे बघितलं.

त्याने तक्रार दिली, चौकशी झाली, उत्तर आलं: तथ्य आढळले नाही. चौकशी करणारे त्याच ठाण्यातले. एकवीस तारखेला नगरसभेत सुनावणी आहे. मंडळाला नकार मिळाला तर त्याची फाईल कायमची बंद.

८ मार्च, शनिवार

निवेदन झालं, तीन पानं. डॉक्टर म्हणाली, "काकू, हे किती शांत दिसतंय." समास मोठा सोडला की राग कमी दिसतो. कचेरीत शिकलेली विद्या.

१० मार्च, सोमवार

निवेदनाला जोडायला घड्याळवाल्याचे कागद आले. एक त्याची तक्रार, वर ठाण्याचा शिक्का, बारा फेब्रुवारी. दुसरा चौकशीचा अहवाल, एकच पान. "सदर प्रकरणी समक्ष चौकशी केली असता तक्रारीत तथ्य आढळले नाही." आणि तारीख – दहा फेब्रुवारी.

बोटं मोडली अकराला. चौकशी संपली दहाला!

हे पान समितीत सगळ्यांनी वाचलंय. पण लोक निकाल वाचतात. तारीख फक्त टायपिस्ट वाचते.

आधी मला हसू आलं. मग कॅलेंडर काढून बघितलं. दहा फेब्रुवारीला सोमवार होता. तेव्हा हसू गेलं. कारण ती तारीख तिथे कशी आली ते मला पक्कं ठाऊक आहे. ती पद्धत मीच पाडली.

लिहूनच ठेवते. तेव्हा टाईपरायटर होते. एकेका अहवालाच्या चार प्रती, मध्ये कार्बन. साहेब लोक आयत्या वेळी दारात उभे – "बाई, तो तथ्य नाहीवाला द्या पटकन." मजकूर दर वेळी तोच. मग मी सोमवारी सकाळी, वर्दळ सुरू व्हायच्या आत, आठवड्याचा गठ्ठाच टाईप करून ठेवायला लागले. नावाची जागा कोरी, ती नंतर हाताने भरायची. तारीख मात्र टाकूनच ठेवायची, त्या सोमवारची. कारण तारीख टाईपचीच हवी, आणि चार प्रती पुन्हा मशीनवर चढवल्या की ओळी जुळत नाहीत. कुणी कधी विचारलं नाही. उलट मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, कामाचा उरक शिका म्हणाले.

आता कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, कार्बन तर बघायलाही मिळत नाही. सोमवार मात्र आहे तिथेच दिसतो.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हटलं, गंमत बघा. हे "हं" म्हणाले आणि कपबश्या विसळायला उठले. कपबश्या विसळलेल्याच होत्या.

११ मार्च, मंगळवार

रात्री छान झोप लागली. त्याचाच राग आला.

१३ मार्च, गुरुवार

कागद परत द्यायला घड्याळवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. हा स्टुलावर, हात मांडीवर. टेबलाशी त्याची बायको, डोळ्याला भिंग लावून.

"डावीकडचा स्क्रू."

"माझ्या डावीकडचा की घड्याळाच्या?"

"घड्याळाच्या गं."

"मग तसं सांगावं. पंचवीस वर्षं या टेबलाला हात लावू दिला नाहीत, आणि आता महिन्याभरात कारागीर व्हायचं मी."

"हळू! ती स्प्रिंग उडाली तर थेट गिऱ्हाइकाच्या बुटात जाते."

"जाऊ दे. चालताना टिकटिक करील."

बाई हाताने चांगली आहे. सावकाश करते, पण थरथरत नाही. मध्येच त्याचा हात सवयीने चिमट्याकडे गेला. अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात आलं, हात परत मांडीवर. तिने बघितलं नाही असं दाखवलं.

"कागदांत काही मिळालं का, बाई?" त्याने विचारलं.

"बघतेय अजून," मी म्हटलं.

खोटं बोलताना माझा आवाज जराही हलत नाही, हे या वयात कळलं.

१५ मार्च, शनिवार

धाकटीकडे जाऊन आले. कचेरीत माझ्या खुर्चीवर आता ती बसते. माझ्याच हाताखाली तयार झाली. तेव्हा कचेरीत बायका दोनच, म्हणून मी ताई आणि ती धाकटी. आता तिचेही केस पांढरे झालेत, नाव तेच राहिलं.

इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "सोमवारी गठ्ठा काढतेस अजून?"

"म्हणजे काय! तुम्हीच शिकवलंत की, ताई."

"तारीख टाकून?"

"तारीख टाकून."

"अगं, पण आता कार्बन कुठेय?"

ती थांबली. विचार करायला लागली. "खरंच की. मग आपण तारीख का टाकतो?"

दोघी इतक्या हसलो की तिचा नवरा बाहेर येऊन बघून गेला. मग तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "ताई, बाहेर नका बोलू हं. साहेबांची बदली होते. उडते ती मी."

खोटं नाही. माझ्या एकतीस वर्षांत तसंच झालंय.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरला तारीख दाखवली. नुसती तारीख. ती कशी पडली ते काही बोलले नाही. ती खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडं ठेवून सोडून आली आणि मला मिठीच मारली. "काकू, जिंकलो आपण!" आतून पेशंट काहीतरी म्हणत होता. बहुतेक त्याचंही अभिनंदनच.

अर्धी गोष्ट सांगितली की अर्धं बरं वाटतं असं वाटलं होतं. तसं नसतं.

२० मार्च, गुरुवार

उद्या सुनावणी. ह्यांना विचारलं, मी उठून बोलू का? हे पेपरची घडी घालत होते. घातली, उलगडली, परत घातली.

"तुझं तू ठरव," म्हणाले. आणि मग, "पण बोललीस तर अर्धं बोलू नकोस."

चाळीस वर्षांच्या संसारातला हा पहिला सल्ला. एरवी बस डेपोत जन्म काढलेला हा माणूस फक्त कुठली बस पकडायची ते सांगतो, आणि तीही चुकीची.

२१ मार्च, शुक्रवार

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम आठवतंय.

नगरसभेच्या सभागृहातल्या खुर्च्या उठलं की आपोआप मिटतात, खाडकन. म्हणून तिथे कुणी सहसा उठत नाही.

डॉक्टर मुद्देसूद बोलली. दोन्ही तारखा वाचल्या तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ठाण्यात ज्योतिषी बसवलाय काय?" अध्यक्षबाईंनी टेबल वाजवलं, पण हसू दाबत.

मग ठाण्याचे साहेब उठले. आवाज मऊ, कागद हातात. "ही कारकुनाची चूक आहे. चौकशी रीतसर झालेली आहे. संबंधित कर्मचाऱ्यावर आजच कारवाई करतो. एका तारखेपायी पोलिसांवर बाहेरचं मंडळ बसवायचं, हे काही योग्य नाही."

सदस्य माना डोलवायला लागले. बघता बघता सगळं मिटत आलं – धाकटी घरी, घड्याळवाल्याची फाईल कपाटात, बाकीचे जेवायला.

मी उठले. खुर्ची खाडकन मिटली. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं, आता परत बसायचीही सोय नव्हती.

"ती चूक नाही," मी म्हटलं. "पद्धत आहे. मी पाडलेली."

"आपण कोण?" अध्यक्षबाई.

"टायपिस्ट. त्याच कचेरीत, एकतीस वर्षं."

सगळं सांगितलं. गठ्ठा, कार्बन, कोरी जागा, शाबासकीसुद्धा. दोन-तीन मिनिटं लागली असतील.

"म्हणजे निकाल आधी तयार, चौकशी नंतर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"झाली तर नंतर."

"आणि एखादी तक्रार खरी निघाली तर? त्याचा नमुना वेगळा असेल ना?"

मी आठवून बघितलं. खरंच बघितलं, वर्षामागून वर्ष.

"तो नमुना मला कुणी कधी टाईप करायला सांगितलाच नाही."

साहेब म्हणाले, "बाईंचं वय झालंय, स्मरणशक्ती..."

"साहेब, आज शुक्रवार," मी म्हटलं. "या आठवड्याचा गठ्ठा अजून संपला नसेल. टायपिस्टच्या टेबलाचा वरून दुसरा ड्रॉवर."

अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे दोन सदस्यांना धाडलं. कचेरी रस्त्यापलीकडेच, अर्ध्या तासात परत आले. हातात नऊ अहवाल. नावाची जागा कोरी, तारीख सतरा मार्च, तथ्य आढळले नाही – आणि प्रत्येकाच्या खाली साहेबांची सही. ही सुधारणा माझ्यानंतरची. माझ्या वेळी सही तरी नंतर व्हायची.

साहेब खाली बसले. कर्मचाऱ्यावरच्या कारवाईचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. निर्णय पंचवीसला.

बाहेर पायऱ्यांवर घड्याळवाल्याने गाठलं. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"दहा तारखेपासून."

"म्हणजे दुकानात आलात तेव्हा..."

"हो."

तो एक पायरी उतरला. मग म्हणाला, "बायकोला कळलं होतं. तुम्ही गेल्यावर म्हणाली, बाई काहीतरी गिळून गेल्या."

२२ मार्च, शनिवार

धाकटीचा फोन. "ताई, नोकरी शाबूत आहे. मी तुमच्याशी बोलत नाहीये, एवढंच सांगायला केला." ठेवला.

२५ मार्च, मंगळवार

मंडळ मंजूर! सात नागरिक, पोलीस एकही नाही, कागद मागवायचा पूर्ण हक्क. पहिलं प्रकरण घड्याळवाल्याचं. शिवाय त्या नमुन्यावर निकाल लागलेल्या सगळ्या जुन्या तक्रारी पुन्हा उघडायच्या, कितीही वर्षं झालेली असोत.

डॉक्टरने आनंदाने सगळ्यांना टूथब्रश वाटले. तिच्याकडे वाटण्यासारखं तेच होतं. घड्याळवाल्याची बायको म्हणाली, "बरं झालं, ह्यांना आता डाव्या हाताची सवय करायचीच आहे."

हे आले नव्हते. घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं. शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकही विनोद नाही. म्हटलं, बरं नाही का? तर म्हणाले, "बरंय की."

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी ह्यांनी चहाच्या कपाशेजारी एक पाकीट ठेवलं. आत माझाच अहवाल, कार्बनची प्रत, निळी आणि पुसट. बावीस वर्षांपूर्वीचा एक सोमवार. कोऱ्या जागेत दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात ह्यांचं नाव.

डेपोत संप होता तेव्हा, पोलीस बंदोबस्त होता. शिडीवरून पडलो म्हणाले होते. तीन आठवडे मी ह्यांचा खांदा शेकला.

"तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"दाखवायलाच आणला होता. तू दमून आली होतीस. म्हटलं, उद्या."

तक्रार नव्याने द्यायची आहे. हे सांगणार, मी टाईप करणार. समोर येऊन बसलेत. मी आजची तारीख घातली आहे आणि थांबले आहे.