काकांना दचकवण्याचा खर्च

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ८ वाजून १२ मिनिटे.
पायरीवर बसून पँटवरचा बलक पुसत आहे. हातात तीस अंड्यांचा ट्रे होता. समोरच्या घरातले काका मागून स्कूटरवर आले आणि त्यांनी हॉर्न दाबला. स्कूटरला हॉर्न ट्रकचा. नुसता वाजवला नाही, धरून ठेवला. मी उडालो, अंडीही उडाली. कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला, "अरे, हा तर टुणकन उडाला!" नेमके तेव्हाच आमचे मालक त्याच्याकडून दाढी करून बाहेर येत होते.
मी त्यांच्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गोडाऊन सांभाळतो. एक एप्रिलपासून काउंटर रिकामा होणार आहे आणि तो मलाच, हे जवळजवळ ठरले होते. मालक जाता जाता म्हणाले की काउंटरवर धीराचा माणूस लागतो.
ठराव: काका चारचौघांत, मालकांच्या देखत, माझ्याहून उंच उडाले पाहिजेत. मुदत ३१ मार्च.
शत्रू असले तरी वयाने मोठे आहेत. एकेरी उल्लेख करणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
काकांनी दारात अंड्यांचा नवा ट्रे आणून ठेवला. वर हसले. जखमेवर मीठ! मी स्पष्ट सुनावले की अपमान अंड्यांनी भरून निघत नाही. तर म्हणतात, हो हो, ताजीच आहेत. काय हा उद्दामपणा!
आईने आमलेट केले. तत्त्व म्हणून नको म्हटले. गार झाल्यावर खाल्ले.

गुरुवार, ६ मार्च.
दुकानात माझे नाव 'टुणकन' पडले. टुणकन, नट आण. टुणकन, शिडी धर. गिऱ्हाइकेसुद्धा.
आज दुहेरी एअर हॉर्न उचलला, पगारातून कापा म्हटले. मालकांनी विचारले, तुझ्याकडे गाडी कुठे आहे? म्हटले, पुढेमागे घेईन.

शनिवार, ८ मार्च.
धीराचा सराव सुरू. गजराचे घड्याळ पातेल्यात ठेवून पाठीमागे वाजू द्यायचे. अकरापैकी अकरा वेळा दचकलो, पण शेवटच्या तीन वेळा चहा सांडला नाही. प्रगती आहे. (कप तोवर रिकामा झाला होता.)

सोमवार, १० मार्च. सकाळी ८.१०.
पहिला हल्ला. हॉर्न खिडकीच्या गजांना तारेने बांधला, बॅटरी जोडली. काका खाली स्कूटर पुसत होते. दाबला.
न्हाव्याचा हात हलला, गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. गल्लीतले कुत्रे अजून परतलेले नाही. काकांची मात्र पापणीसुद्धा लवली नाही. आरसा पुसत राहिले! मुरलेला माणूस आहे. अशांना साधे हत्यार पुरत नाही.
न्हावी वर येऊन विचारून गेला की मिशीचे पैसे कोण देणार, तू की तुझा बाप.

शुक्रवार, १४ मार्च.
भंगारवाल्याकडे जुन्या रेल्वे इंजिनाची पितळी शिट्टी मिळाली. पाच तोंडे, वजन आईच्या शिलाई मशीनपेक्षा जास्त. काउंटरसाठी नवे शर्ट आणि बूट घ्यायला ठेवलेले सगळे पैसे दिले. काउंटर मिळाला की शर्ट येतीलच. भंगारवाल्याने विचारले, लावणार कुठे? म्हटले, खोलीत. त्याने पैसे पुन्हा एकदा मोजून घेतले.
ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी, झडप आणि पाइप दुकानातून. मालक म्हणाले, गाडी भागाभागाने येतेय वाटतं.
आई म्हणते, समोरच्यांच्या नादी लागू नकोस, काकू बिचाऱ्या दिवसभर घसा फोडून बोलत असतात. मी म्हटले, असल्या नवऱ्याशी कोणीही ओरडूनच बोलेल.

बुधवार, १९ मार्च.
पंक्चरवाल्याकडून टाकी भरून आणली. चाचणी घेणार नाही, शत्रू सावध होतो. सगळे सांधे तीनदा तपासले. कानांसाठी कापूस आणला.

शनिवार, २२ मार्च.
उद्या नऊला काका स्कूटर धुणार. पावणेनऊला मालक न्हाव्याच्या खुर्चीत. समोरच्या भिंतीवर खडूने फुटाफुटाच्या खुणा करून आलो, म्हणजे उडीबद्दल नंतर वाद नको.

रविवार, २३ मार्च. दुपारी १.
कापूस टेबलावरच राहिला.
झडप उघडली आणि पुढचे मला जमिनीवरून दिसले. स्टूल एकीकडे, मी एकीकडे. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाईंच्या चार काचा गेल्या. मालक अर्ध्या तोंडाला साबण लावून गल्लीच्या टोकापर्यंत धावले. तिथून चालत परत आले, पण तेव्हा त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.
काका स्कूटर धूत होते. सगळी गल्ली वर बघतेय हे पाहून त्यांनीही वर पाहिले आणि मला हात केला.

सोमवार, २४ मार्च.
काउंटर मालकांच्या पुतण्याला. मालक शांतपणे म्हणाले, तू गोडाऊनमध्येच बरा, तिथे खिडकी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.
काकू आल्या, मागोमाग काका. काकू ओरडूनच बोलल्या, सवय आहे म्हणाल्या. काका तेवीस वर्षे कारखान्यात बॉयलरवर होते, दोन्ही कान तिथेच गेले. निदान स्वतःचा हॉर्न तरी ऐकू यावा म्हणून ट्रकचा लावला. तोही ऐकू येत नाही, म्हणून सोडायचा कधी हे कळत नाही. "अख्ख्या गल्लीला माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. "तुला कोणी सांगितलं नाही?"
आईने सांगितले होते. मी तिचे वाक्य पुरे होऊ दिले नव्हते.
काकांना शिट्टी पाहायची होती. पितळेवर तळहात ठेवला आणि म्हणाले, वाजव. टाकीत थोडी हवा उरली होती. वाजवली. पितळ थरथरले आणि काका दचकले! अखेर! मग डोळे मिटून म्हणाले, चला, कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटली. हात मात्र बराच वेळ काढला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाले.
उंची: काका, एक बोट. मी, अंदाजे दोन फूट. मालक हजर नव्हते.

हिशेब.
खर्च: हॉर्न २,४००. टाकी, झडप, पाइप ३,१५०. शिट्टी ५,५००. कापूस २०. एकूण ११,०७०.
त्यातले देणे: मालकांना ५,५५०, पगारातून. शिवाय घरमालकीणबाईंना काचांचे १,२००, न्हाव्याला २०० (अर्धी मिशी १००, उरलेली अर्धीही काढावी लागली). एकूण देणे ६,९५०.
शिल्लक: कापूस, सगळा.
काकांकडून येणे: अंडी ३०. चार तारखेलाच मिळाली. त्यांतली बावीस मी खाल्ली.