तुझे लांब टाके

आई,

तुझा तो गोधडीचा वरचा थर शेवटी माझ्याच मांडीवर आला. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, तेवढी वर्षं तो कपाटात पडून होता. ठिगळं सगळी जोडलेली, पण मधे भर नाही की खाली अस्तर नाही. पोंगलनंतर कपाट आवरताना मीच वैतागून तो मठामागच्या सभागृहात देऊन टाकला. कुणाचा, ते सांगितलं नाही. तिथे आम्ही आठ-नऊ बायका दर मंगळवारी जमतो. लोकांनी दिलेल्या अशा थरांना जुन्या वेष्टींचा, धोतरांचा भर घालून गोधड्या पुऱ्या करतो, आणि त्या तिरुविडैमरुदूरच्या वृद्धाश्रमात जातात. हो, मी शिवते. हसू नकोस.

हसशीलच म्हणा. मी तेरा वर्षांची असताना शेजारणी कॉफी पीत बसलेल्या, आणि त्यांच्यादेखत तू माझी अख्खी ओळ उसवलीस. "काय गे हे? एवढा टाका? म्हातारं माणूस उठताना पायाचं बोट अडकून पडेल की!" असा संताप आला मला, की पुन्हा शिवायला बसले ती थेट निवृत्त झाल्यावर. आता तेच वाक्य मी सभागृहात तमिळमधून सगळ्यांना ऐकवते आणि उसवायला लावते. माझ्यामागे त्या मला काय म्हणतात, तेही ठाऊक आहे.

तर एका मंगळवारी वाटणीत तुझा थर माझ्याकडे आला. उलगडून बघते, तर एका कडेला टाके तांदळाच्या दाण्याएवढे. पुढे पुढे ते लांबत जातात, वाकडे होतात, आणि शेवटच्या ठिगळांवर तर बोटाच्या पेराएवढे. शेजारची अक्का वाकून म्हणाली, "अय्यो, हे सगळं उसवावं लागणार. कुणाचं हो काम हे?"

मला एकदम तू दारात दिसलीस. मी बँकेत जायच्या घाईत, आणि तू सुई घेऊन उभी. "एवढा दोरा ओवून दे गे." मी पाच सुया ओवून ठेवायची आणि वर म्हणायची, "तुला दिवसभर दुसरं काम नाही का?" दिसत नाही असं तू कधी म्हणाली नाहीस. पण रोज तेच तर सांगत होतीस, आणि मला कळलं नाही. फार लाज वाटली, आई.

उसवलं नाही मी. तुझ्या प्रत्येक लांब टाक्यावर मधोमध एक बारीक टाका मारून तो दाबून टाकला. आता कुणाचं बोट अडकणार नाही. चार मंगळवार लागले, दोरा अक्काने ओवून दिला. काल गोधडी गेली.

हा कागद घडी करून सुयांच्या डब्यात ठेवते आहे. आणखी एक राहिलं. कुणाचं काम असं अक्काने विचारलं ना, तेव्हा मी म्हणाले, काय माहीत.