बांधापलीकडच्या कोंबड्या अन् आमची गौरी

४ फेब्रु.
सकाळी धाकटी जाऊ सुनंदा रडत थेट गोठ्यात आली. तिच्या शेडातल्या कोंबड्या पटापट मरून राह्यल्या. मेलेल्या उचलून त्याच हातानं, त्याच चपलेवर आली. मी जवळ घेतलं तिले. तेव्हा काही सुचलंच नाही.
दुपारी जनावराच्या डॉक्टरांचा फोन. बर्ड फ्लूचा संशय, नमुने पाठवले. म्हणाले, "परदेशात गाईंनाही झाला. आपल्याकडे गाईंत ऐकला नाही, पण तिकडचं माणूस गोठ्यात येऊ देऊ नका."

५ फेब्रु.
दिवसभर धुणंपुसणं. दारात चुना. गोठ्याच्या चपला वेगळ्या. हौदावर जाळी, कावळे तिथंच पाणी पितात. सरकीची ढेप झाकली. मांजर घरात कोंडली.
संध्याकाळी सुनंदा दुधाले आली. फाटकातच थांबवलं. रिकामी किटली घेऊन परत गेली.
हे चिडले. "एका बांधाचे आपण. तिले असं बाहेर उभं करतं काय कोणी?"
"गाईले झालं तं काय करसान?"
रात्री जेवले नाहीत नीट.

८ फेब्रु.
बर्ड फ्लूच निघाला. सरकारी माणसं आली, उरलेल्या कोंबड्या मारून खड्ड्यात पुरल्या. मी बांधावरूनच पाह्यलं. सुनंदा शेडाच्या पायरीवर बसलेली. हाक मारावी वाटलं, पण...

१० फेब्रु.
गौरी गाईनं चारा सोडला. दूध घट्ट, पिवळट. पह्यल्या दिवशी सुनंदाले जवळ घेऊन तशीच धारेला बसले होते.
गौरीले वेगळं बांधलं. धार सगळ्यात शेवटी, हातमोजे घालून. दूध डेअरीत नाही, वासरालेही नाही. डॉक्टर तोंड-डोळे झाकून आले, दुधाचा नमुना नेला.

१४ फेब्रु.
फ्लू नाही. नाही!
कासेची साधी सूज, दगडी म्हणतो आपण ती. औषधानं गौरी कालपासून खातेही आहे. डॉक्टरांचा फोन ठेवला अन् गव्हाणीपाशीच बसून रडले. हे नुसते पाठीवर हात ठेवून उभे. मग म्हणाले, "च्या ठेवतो." लग्नानंतर पह्यल्यांदा. साखर विसरले. मी तसाच पूर्ण प्यायले.

२१ फेब्रु.
बाकी जनावरं ठणठणीत. आज धीर करून सुनंदाकडे गेले. परतल्यावर आंघोळ करायची हे ठरवूनच. तिनं पाट दिला.
निघताना म्हणाली, "ताई, आता कोंबड्या नको वाटतात. शेड साफ करून एखादी गाय बांधली तं? तुमी शिकवसान का मले?"
"शिकवीन ना."
बोलून तर बसले. त्या शेडात गाय बांधायची कधी, बांधायची की नाही, डॉक्टरांना विचारायचंय. ते नाही म्हणाले तर आमच्याच गोठ्यात जागा आहे. ह्यांना अजून सांगितलं नाही.