चौथे कलम खोडण्याचे कारण

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, अविवाहित, औषधचाचण्या करणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेली क्लिनिकल डेटा मॅनेजर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला भीक न घालता लिहीत आहे. दडपण आणणारे होते, त्यांचा उल्लेख पुढे येईलच. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडणार होते, पण त्यात माझे वय सोळा पडले होते. दुरुस्तीला पाठवला आहे. सोळाव्या वर्षी माझी बुद्धी शाबूत होती की नाही, हे त्यांना सांगता येणार नाही.

माझ्या यकृतात गाठ आहे आणि ती वाढते आहे. पुढचे काही महिने कोणीतरी सोबत लागेल, असे डॉक्टर म्हणतात. तेव्हा ठरवायच्या गोष्टी दोन: माझ्यामागे हे घर कोणाचे, आणि त्याआधी माझे कोण करणार. नातेवाइकांना यातली पहिली गोष्ट लगेच समजली.

१. माझ्या कामाविषयी. तीस वर्षे मी काय केले हे माझ्या घरच्यांना आजही ठाऊक नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, "ती दवाखान्यात टायपिंग करते" असे सांगत आला. म्हणून नोंद करते. नवे औषध विकायला येण्याआधी ते काही रुग्णांना देऊन पाहतात आणि रुग्णालये त्यांच्या नोंदी पाठवतात. नोंदीत काही खटकले की विचारायचे, उत्तर पटले नाही की पुन्हा विचारायचे, आणि सगळे जुळले की त्या माहितीला कुलूप घालायचे, म्हणजे पुढे तीत कोणाला काही बदलता येत नाही, हे माझे काम. अशा विचारण्याला आमच्यात क्वेरी म्हणतात. मी इतक्या क्वेरी काढल्या की ऑफिसात माझे नाव शंकाबाई पडले. नाव ठेवणारे आज स्वतः गोळ्या खातात आणि बिनघोर झोपतात.

२. रक्तदाब मोजण्याचे यंत्र. हे मी मोठ्या डॉक्टरांना देत आहे. एका चाचणीत त्यांच्या रुग्णालयातून आलेला प्रत्येक रक्तदाब एकशेवीस-ऐंशी होता. म्हाताऱ्यांचा, तरण्यांचा, जिना चढून धापा टाकणाऱ्यांचा, सगळ्यांचा तोच. मी क्वेरी काढली. उत्तर आले, "रुग्ण शांत स्वभावाचे आहेत." मी पुन्हा विचारले. मग फोन आला.

"बाई, तुम्हाला दुसरं काही काम नाही का?"

"हेच काम आहे, डॉक्टर."

"आकडे चांगले आले तरी तुमच्या पोटात दुखतं!"

त्या रुग्णालयाच्या सगळ्या नोंदी शेवटी बाद झाल्या. डॉक्टर आमच्याच सल्लागार मंडळावर जाऊन बसले आणि माझी बढती अडली. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. यंत्र चालू स्थितीत आहे. ते दंडाला गुंडाळायचे असते.

३. फिरती खुर्ची, भिंग आणि टेबलावरचा दिवा. हे माझ्या जागी आलेल्या मुलीला. सोबत एक शिकवण फुकट. खऱ्या नोंदी ओबडधोबड असतात. कोणी तारीख विसरतो, कोणी गोळी विसरतो, कोणी औषध घेऊन ओकतो. जी नोंद अगदी गुळगुळीत असते, ती बहुधा घरी बसून लिहिलेली असते. पोरी, तिथे थांबत जा.

४. राहते घर. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी, आतील सामानासह, मी माझ्या थोरल्या भावाला देत आहे. माझ्या आजारपणात माझे सर्व करण्याचे त्याने कबूल केले आहे.

(हे चौथे कलम मी एका आडव्या रेघेने खोडले आहे. शेजारी माझी सही, रविवारची तारीख आणि कारण लिहिले आहे. आमच्या कामात चुकलेले पुसत नाहीत, झाकत नाहीत, पान फाडत नाहीत. एकच रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, नवीन कागदावर स्वच्छ लिहून काढू की." मी म्हटले, "नको. काय मिळणार होतं ते दादाला वाचता यायला हवं." साक्षीदारांनीही खाडाखोडीशेजारी सह्या केल्या आहेत. कारण: नवीन माहिती मिळाली.)

५. नवीन माहिती. रविवारी दादा आणि वहिनी आले. वहिनी माझ्यासाठी पेज करायला आत गेली. दादा खुर्चीत बसला आणि खिडक्यांकडे बघत म्हणाला, "तू कशाला काळजी करतेस? आईचं शेवटचं वर्ष मीच काढलं ना? सकाळी सातला गोळी, रात्री नऊला गोळी. एकही चुकू दिली नाही."

आईची जबाबदारी त्याने घेतली होती, आणि तिचे घर त्याच एका वर्षाच्या जोरावर त्याला मिळाले. मी तेव्हा परगावी एका चाचणीवर होते. हे गोळ्यांचे मी बरेचदा ऐकले होते. पण आता माझ्याच गोळ्यांची वेळ आली होती, म्हणून थांबले.

"एकही नाही?" मी विचारले.

"एकही नाही. आणि शेवटपर्यंत हसतमुख होती बिचारी."

"चुकली होती," आतून वहिनी म्हणाली. ती हात पुसत दारात आली. "दोनदा मी विसरले. एकदा आईंनी गोळी माझ्या अंगावर थुंकली, तेव्हा मी ओरडले त्यांच्यावर. मग दोघी रडलो. अहो, आईंच्या घरी मी राहत होते, तुम्ही कुठे होतात? तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, फळं घेऊन."

"हिला काय कळतंय!" दादा म्हणाला. "मी बाहेरून सगळं बघत होतो."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलेही नाही. "वन्सं, यांच्या भरवशावर राहू नका. तुमचंही मलाच करावं लागणार. करीन मी. पण माझे गुडघे आता चालत नाहीत, ते आधीच सांगते. आणि तुम्ही गेलात की हे घर विकायचं ठरलंय. गिऱ्हाईक येऊन गेलंय, खालून बघून."

इतकी ओबडधोबड नोंद मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. तिच्यात एकही आकडा सांगणाऱ्याच्या सोयीचा नव्हता. घर दादाला मिळाले असते तर त्याचे पैसे वहिनीच्याच संसारात आले असते, आणि तरी ती बोलली. मला रडू आले. हे आजारपणामुळे होत असावे, असे दादाचे मत पडले. मी पेन मागितले. वहिनीने आणून दिले.

६. दुरुस्त कलम. राहते घर, आतील सामानासह, मी माझ्या वहिनीला देत आहे, तिच्या एकटीच्या नावे. नवरा, मुलगा किंवा आणखी कोणी त्यावर हक्क सांगू नये. बँकेतल्या पैशांतून माझ्यासाठी पगारी बाई ठेवावी, उचलणे-बसवणे तिने करावे. वहिनीने फक्त जवळ बसावे आणि वाटल्यास माझ्यावर ओरडावे. उरेल ते वहिनीच्या गुडघ्यांसाठी.

दादाला माझा सात खणांचा गोळ्यांचा डबा. सकाळ कुठली आणि रात्र कुठली, हे त्याला तोंडपाठ आहे.

७. ताबा. काल वहिनी एकटी आली तेव्हा तिला हे वाचून दाखवले. "वन्सं, भलतंच काय! मला काय करायचंय घर? लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. मी तेच कलम पुन्हा वाचून दाखवले. उत्तर पटले नाही की पुन्हा विचारायचे, ही जुनी सवय. ती उठली, बाहेरच्या दारापाशी गेली. कडी लावली, काढली, पुन्हा लावली, आणि दाराला पाठ लावून जरा वेळ उभी राहिली.

"आतून नीट लागते ना हो?" तिने विचारले.

लागते. घराच्या किल्ल्या तीन आहेत. तिन्ही आजच वहिनीला दिल्या. दादाला यायचे असल्यास त्याने बेल वाजवावी, आणि उघडायचे की नाही ते वहिनीने ठरवावे. येथे मी या माहितीला कुलूप घालत आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी

वरील बाईंनी आमच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत, आमच्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारून सही केली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार १: (सही) सिस्टर, निवृत्त, बाईंच्या चाचण्यांवर काम केलेली
साक्षीदार २: (सही) तळमजल्यावरचा चष्मेवाला. बाईंच्या सांगण्यावरून बेल वाजवून पाहिली. वाजते. दार वहिनींनी उघडले.

ठिकाण: वहिनीचे घर, पुढची खोली
दिनांक: ११ मार्च २०२५