बाजारातली माटोळी

इब्रामपूर,
२४ ऑगस्ट २०२४

ती. पद्मावती वन्संना भाग्यलक्ष्मीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगितलं तर तुमच्या भावालाच कळेल, म्हणून पत्र. ते माझ्याशी बोलत नाहीत. उन्हाळ्यात छातीत स्टेंट घातला, तरी गणपतीवर टांगायच्या माटोळीची रानफळं स्वतःच डोंगरावरून आणणार म्हणाले. मी परस्पर पेडण्याच्या बाजारात माटोळी सांगून ठेवली. कळल्यावर कडाडले, की आता नवराही विकतचा आण. मीही कमी नाही. चढा आणि मरा, म्हटलं. तेव्हापासून ताट घेऊन सोप्यावर जेवतात. असंच चाललं तर चवथीला मी माझ्या भावाकडे जाईन, खरंच सांगते.

तुमची माया आहेच, ती राहू द्या. आणि भावाचा कान पिळा.

तुमची,
भाग्यलक्ष्मी


लाटंबार्से,
२९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. भाग्यलक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

सगुण काल इथे तुझी फिर्याद घेऊन आला. भाजीबरोबर बेकरीतले दोन उंडे खाल्ले, तेव्हा तब्येतीची काळजी नको. मग म्हणाला, ती हातातली बादली काढून घेते, नारळ सोलू देत नाही, आता माटोळीही गेली. मग मी घरात कशाला? डोळे भरले होते गो त्याचे. आपण निकामी झालो याची धास्ती आहे त्याला. आणि तू? इस्पितळात माझा हात सोडत नव्हतीस, ते त्याला कधी सांगितलंस? भावाकडे जायचं तर जा, पण आधी एवढं सांग.

दोघांवरही लोभ आहे. भांडा, पण एका पंगतीला बसून.

तुझी,
पद्मावती वन्सं


इब्रामपूर,
६ सप्टेंबर २०२४

ती. ताईस सगुणचा सा. न. वि. वि.

माझी चहाडी केलीस म्हणून तुझ्याशी भांडणार होतो. पण भाग्यलक्ष्मी समोर येऊन बसली आणि म्हणाली, तुमच्याशिवाय जगायची मला भीती वाटते. मला वाटायचं, ही कशालाच भीत नाही.

डॉक्टरांना विचारून काल दोघं हळूहळू डोंगराकडे गेलो. अर्ध्या वाटेत मला धाप लागली. ही आता बोलणार, म्हणून मी आधीच चिडायच्या तयारीत. ती नुसती शेजारी बसली. मग मीच सांगितलं, की मलाही फार भीती वाटते. दोघंही रडलो आणि तिथूनच परतलो.

आज बाजारातली माटोळी आणली आणि मी बांधली. ती शिडी धरून खालून सारखी ओरडत होती. मला अजिबात राग आला नाही.

पत्र बसवाल्याच्या हाती पाठवतोय, उद्या चवथीला ये. तुझा हात आमच्या डोक्यावर असू दे.

तुझा,
सगुण