पाठ आणि अंगठा

आई, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि आज त्या मंडळाचं निमंत्रण आलंय. म्हाताऱ्याकोताऱ्यांची, अपंगांची घरी जाऊन शुश्रूषा करणारं तेच मंडळ. समारंभात मी सेवेवर चार शब्द बोलावेत, जरा खुसखुशीत, अशी त्यांची इच्छा आहे. माझं लिखाण वाचून लोक हसतात, तेव्हा मी कशावरही हसवीन असा समज. पत्रिका हातात धरली आणि मला शिसारी आली.

लढाईचे दिवस होते. तुझी उजवी बाजू गेलेली, मी शाळेत मास्तर, लग्न व्हायचं होतं, घरात दुसरं बाईमाणूस नाही. सकाळी मंडळाची बाई यायची. कुंडलची, म्हणजे तुझ्या माहेरची, म्हणून तुझा तिच्यावर भारी लोभ. सुरुवातीला ती तासभर असायची. पाणी तापवायची, तुला कुशीवर घ्यायची, पडून पडून जखमा झालेली पाठ पुसून हळद-तेल लावायची, वेणी घालायची. मी बाहेर ओट्यावर वह्या तपासत बसलेला असतो आणि आतून तुमच्या दोघींचं हसणं ऐकू येतं. कुंडलातल्या कुणाची तरी निंदा चाललेली असते.

मग मंडळानं त्या तासाचा पाव तास केला. मी तक्रार घेऊन गेलो. अध्यक्ष हळदीचे बडे व्यापारी. लोडाला टेकून म्हणाले, “मास्तर, तुम्ही एक पाठ बघताय, आम्हाला गाव बघायचंय. तासात एक घर व्हायचं, आता चार होतात.” म्हणजे पुण्य चौपट, आणि तेही पाणी तापायच्या आत! सांगलीत हळदीला काय तोटा, आई? पण ती जखमेत भरायला माणूस कुशीवर वळवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

येऊन गेल्याची खूण म्हणून बाईनं वहीत अंगठा घ्यायचा. बायकांचा उजवाच, असा नियम. तुझी उजवी मूठ वळून घट्ट बसलेली. बाई एकेक बोट सोडवायची, शाई लावायची, ठसा उठवायची आणि मग ओल्या फडक्यानं अंगठा पुसून लख्ख करायची. तुझ्या सबंध देहात रोज न चुकता धुतला जाणारा अवयव तेवढा एकच उरला.

आणि राहिलेली मिनिटं तू उधळायचीस. शेजारच्या काकूंना सांगून गुळाचा चहा तयार ठेवायचीस.

“आवं मावशी, येळ न्हाई. अजून लय घरं हायती. पाठ तरी बघू द्या.”

“पाठ कुठं पळून जातीया? म्हायारचं मानूस कोरड्या तोंडानं जातंय व्हय गं? बस. घोटभर च्या घे.”

ती उभ्याउभ्याच बशी तोंडाला लावायची, जीभ पोळून घ्यायची आणि पळायची. एकदा मी तुझ्यावर खेकसलो, “ती तुझ्या पाठीसाठी येते, चहासाठी नाही!”

तू शांतपणे म्हणालीस, “आरं, एवढी घरं हिंडती ती. कुनी पानी तरी इचारत असंल का तिला?” मग भिंतीकडं बघत म्हणालीस, “आन् पाठीचं म्हनशील, तर तू हाईस की घरात.”

मी वह्या उचलल्या आणि ओट्यावर गेलो. आईच्या उघड्या पाठीला मुलानं हात लावायचा नसतो, ही आपल्याकडची रीत त्या दिवशी मला फार सोयीची वाटली. पुढं पाठीला वास येऊ लागला. मी काय केलं? उदबत्ती लावली. मंडळानं काय केलं? अहवालात ‘सेवेत एक दिवसही खंड नाही’ असं छापलं, आणि ते खरं होतं. तू गेलीस त्या सकाळचासुद्धा ठसा वहीत आहे.

त्या मंडळावर मी लेख लिहिला, तो तुला कधी वाचून दाखवला नाही. तू असतानाच छापून आला. सांगली पोट धरून हसली. अध्यक्षही हसले, पाव तास मात्र पाव तासच राहिला. लेखक म्हणून माझं नाव झालं ते तिथून. समारंभातही बहुधा तोच वाचायचा आग्रह होईल.

हा कागद पत्रिकेत घालून तसाच ठेवून देतो. तुला वाचता येत नव्हतं, हे एक बरं. तो लेख, आई, मी त्या ओट्यावर बसून लिहिला, तू आत भिंतीकडं तोंड करून पडलेली असताना. पंधरा दिवस लागले. रोज सकाळी, बाई गेल्यावर, चांगला एक तास.