रुसलेली फटफटी

अण्णा, तुमची फटफटी चालू झाली. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं ती लातूरच्या घरी जिन्याखाली पोतं पांघरून उभी होती. भाऊ तिला भंगारात घालायला निघाला तेव्हा मी म्हटलं, थांब, टेम्पोत घालून नांदेडला पाठव. तो हसला. हसणारच, मला गिअरची गाडी कधी चालवता आली नाही आणि आता पन्नाशी आली. मी हे का करतेय ते मलाही नीट सांगता आलं नसतं. तुमच्यावरचा एक राग तीस वर्षं माझ्याकडे होता आणि तो याच गाडीवर बसलेला होता, एवढं खरं.

भूकंप झाला ते माझं बारावीचं वर्ष. आपल्या गल्लीत घराघरातली एक खोली बाहेरगावच्या पोरांनी भरलेली, कोण उदगीरचा, कोण हिमायतनगरचा, सगळे डॉक्टर व्हायला आलेले. दोन क्लासवाले तुम्हाला त्यांच्याकडे शिकवायला न्यायला घरी आले, त्यांना तुम्ही चहा पाजून वाटेला लावलंत. ज्युनियर कॉलेजातले तुमचे फिजिक्सचे सकाळचे तास संपले की जेवायचं, फटफटीला किक मारायची आणि औशाच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या दहावीच्या पोरांना शिकवायला जायचं. रोज, अगदी रविवारीसुद्धा. आणि तुमची मुलगी क्लासात दीडशे जणांच्या मागे बसून, काही कळलं नाही तरी मान डोलवत होती. एकदा स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी कुस्करत होता, तेव्हा मी म्हणालेच, "त्या पोरांना दुसरं कुणी न्हाई का शिकवायला?" तुमचा हात थांबला. "तुझ्या डोक्यावर छत हाय का न्हाई?" मी म्हटलं, हाय. "मग बस अन् वाच." मी ताटावरून उठले. आईने हाका मारल्या, तुम्ही एकही मारली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हात धुवायला मागे गेलात तेवढ्यात मी प्लगची टोपी ओढून काढली. इंजिनावर वायरच्या टोकाला अंगठ्याएवढी काळी टोपी असते, ती प्लगवरून निघाली की ठिणगी पडत नाही. तुम्ही गाडी साफ करताना शेजारी बसून तुमच्याकडूनच मी हे शिकले होते. मग खिडकीशी येऊन उभी राहिले. तुम्ही किक मारताय, मी मोजतेय. सात, आठ, नऊ. शर्ट पाठीला चिकटलाय. समोरचे काका ओट्यावरून विचारतात, "सर, काय झालं ओ?" तुम्ही म्हणता, "रुसली बघा आज." चौदा किका मारून तुम्ही गाडी डबल स्टँडवर लावलीत आणि मला हाक मारलीत, "वही आण तुझी."

मागचं चाक हाताने गरगर फिरवत तुम्ही मला तो अख्खा धडा शिकवलात, जो क्लासात तीनदा होऊनही माझ्या डोक्यावरून गेला होता. चाकाला हात लावून थांबवायला लावलंत, रिमचं वजन मध्यावर असतं तर ते किती लवकर थांबलं असतं ते मलाच विचारलंत. टोपी तुमच्या गुडघ्यापाशी लोंबत होती आणि मी देवाचा धावा करत होते. अण्णा, तुमच्यासारखं शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. तीन तासांनी तुम्ही म्हणालात, "चहा ठेव." आधण उकळतंय तोवर बाहेर फटफटी एका किकेत चालू झाली. मी धावत आले तर तुम्ही बसलेलेच होता. "गेला रुसवा तिचा," म्हणालात, उभ्यानेच चहा प्यायलात आणि पोरं वाट बघत असतील म्हणून निघून गेलात. मला वाटलं, टोपी तुम्हाला आत्ता कुठे दिसली असेल आणि ती आपोआपच निघाली असं तुम्ही समजला असाल. मेडिकलला माझा नंबर लागला नाही, त्याचं खापर मी तुमच्यावर फोडलं. त्या दुपारचे तीन तास मी कधी हिशेबात धरले नाहीत, कारण ते मी चोरून मिळवले होते असं मला वाटायचं.

इथे गाड्या दुरुस्त करणारे एक म्हातारे उस्ताद आहेत, त्यांनी गाडी उभी केली. टाकीतला गंज काढायला आम्ही दोघांनी आत बारीक खडी घालून ती पाळण्यासारखी हलवली. क्लच सोडायला मी महिनाभर मैदानात शिकले, एकदा पडलेही. गेल्या आठवड्यात घराच्या फाटकापाशी गाडी काही केल्या चालू होईना. उस्तादांना फोन केला. ते आले आणि स्कूटरवरून उतरलेसुद्धा नाहीत. "म्याडम, टोपी निघाली ना प्लगची. लांबूनच दिसून राहिली. चालू न्हाई झाली तर पयले हितंच बघायचं. ज्यानं चार दिवस ही गाडी चालवली, त्यो दुसरी किक मारत न्हाई."

त्या दुपारपर्यंत तुम्ही ती बारा वर्षं चालवली होती, अण्णा. उस्ताद गेले तरी मी फाटकातच उभी होते. गल्लीसमोर, भर उन्हात, तुम्ही माझ्यासाठी तेरा किका खोट्या मारल्या होत्या, आणि रुसवा कुणाचा हे त्या गल्लीत फक्त तुम्हाला कळलं होतं.

हा कागद गाडीच्या पुस्तकाबरोबर साइड बॉक्समध्ये ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. आज सकाळी मी टोपी मुद्दाम काढली आणि तुमच्यासारख्या चौदा किका मारायच्या म्हणून उभी राहिले. मला नऊच जमल्या.